येथे दिवे विझवून मिळणार नाहीत

केजहून अंबाजोगाईच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला एक पत्र्याचं दुकान होतं. पाटीवर दुकानाचं नाव नव्हतं, मालकाचं नव्हतं, मोबाइल नंबर तर नव्हताच. पिवळ्या पत्र्यावर काळ्या रंगात एवढंच : 'येथे दिवे विझवून मिळणार नाहीत.'

नवखा माणूस पाटी वाचून गोंधळायचा. जुन्या गिऱ्हाइकांना अर्थ ठाऊक होता. गाडीच्या स्टिअरिंगमागे इशाऱ्याचे छोटे दिवे असतात. कुठं बिघाड झाला की त्यातला एखादा लागतो आणि लागूनच राहतो. बिघाड शोधायला वेळ जातो. दिवा झाकायला काळ्या चिकटपट्टीचा तुकडा पुरतो. "बाकी राहू द्या, तेवढा दिवा घालवा" म्हणणारी माणसं रोज यायची. दुकानाचा मालक पाटीकडे बोट दाखवायचा आणि त्यांना परत पाठवायचा. अशानं दुकान चालायचं कसं, हे कोडं मला कधी सुटलं नाही.

सगळे त्यांना सर म्हणायचे. ते पूर्वी आयटीआयमध्ये वायरिंग शिकवायचे आणि प्राचार्यांशी भांडून बाहेर पडले होते. भांडण कशावरून झालं ते दर वेळी वेगळं सांगायचे, शेवट मात्र तोच असायचा : "मग मी म्हणलं, ठेवा तुमची खुर्ची." नम्रपणा त्यांच्या वाट्याला आलाच नव्हता. "परभणीपास्नं नगरपर्यंत गाडीच्या वायरिंगला हात लावावा तर मीच," हे वाक्य ते चहा सांगावा तितक्या सहज बोलायचे. भर मे महिन्यात पूर्ण बाह्यांचा, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालायचे, मनगटाची बटणं लावून. हात धुवायचे ते कामाच्या आधी. काम झाल्यावर फडक्याला पुसले की झालं. "माझा मळ गाडीला लागाया नको," म्हणायचे.

त्यांचा मुख्य नियम वेगळाच होता. गाडी कोणाच्याही नावावर असो, स्टिअरिंगमागे जो बसतो त्याच्याशीच ते बोलायचे.

एकदा माझ्यासमोर एक पांढरी मोठी गाडी थांबली. मागच्या सीटवरून जो माणूस उतरला त्याचं तोंड तालुक्यातल्या प्रत्येक फ्लेक्सवर होतं. सरांनी हात धुतले आणि विचारलं, "चालवतं कोण?"

"ड्रायव्हर."

"मग त्याला पाठवा हिकडं. तुमी सावलीत बसा."

"गाडी माझी हाय."

"असंल की. पण पुढं बसून पहिला मरणार तो हाय."

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. पुढारी लालबुंद होऊन निघून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांचा ड्रायव्हर एकटाच गाडी घेऊन आला, मान खाली घालून. सीटबेल्ट लावला नाही की गाडीतून टुंग टुंग आवाज येतो. तो आवाज साहेबांच्या झोपेत येऊ नये म्हणून बेल्टच्या खाचेत नुसतीच एक खोटी क्लिप खोचलेली होती. सरांनी ती उपटली आणि बिस्किटाच्या डब्यात टाकली. तो डबा अशा क्लिपांनी अर्धा भरला होता. कोणी परत मागितली तर म्हणायचे, "जप्त झाली. पावती मिळणार न्हाई."

मी पत्रकांवर वाढले. आमचं गाव युसूफ वडगाव. बाबा दिवसा कारकुनी करायचे आणि संध्याकाळी चळवळीची पत्रकं वाटायचे. चौदा एप्रिलच्या आधीचा आठवडा आमच्या घरात शाईच्या वासाचा असायचा. घड्या घालायला मी बसायचे, आणि घड्या घालता घालताच वाचायला शिकले. पहिला शब्द वाचला तो 'जागे व्हा' होता, हे बाबा अजून पाहुण्यांना सांगतात. पुढं मी स्वतः लिहायला लागले. अन्यायाला अन्याय म्हणावं, खोट्याला खोटं म्हणावं आणि ते मोठ्या टाइपात छापावं, असं माझं तेव्हा मत होतं. आजही आहे.

तर ताईची गाडी. माझी मोठी बहीण पाटोद्याच्या सरकारी दवाखान्यात परिचारिका आहे. एसटीनं जायचं तर ड्युटीच्या वेळा जुळत नव्हत्या. ती गाडी शिकली आणि बीडमधल्या एका दलालाकडून जुनी गाडी पसंत करून आली. आईचा विरोध होता. उसाच्या दिवसांत त्या रस्त्यावर बिनदिव्यांच्या ट्रॉल्या उभ्या असतात हे तिला माहीत होतं. शेवटी आईनं अट घातली : फुगेवाली गाडी असेल तरच. एअरबॅगला ती फुगा म्हणायची. दलालानं स्टिअरिंगवरची अक्षरं दाखवली, आईला ती वाचून दाखवली, आणि आईनं पेढे वाटले. आईचा होकार, ताईची नोकरी आणि तिचं स्वतःच्या पायावरचं जगणं, सगळं त्या फुग्यावर उभं होतं.

सरांकडे आम्ही गेलो ते भलत्याच कामाला. मागचा दिवा लागत नव्हता. मीही सोबत होते. सरांनी ताईला सीटवर बसवलं आणि म्हणाले, "किल्ली फिरवा. सुरू करू नका. काय काय लागतंय ते सांगा."

ताई सांगत गेली. तेलाचा. बॅटरीचा. इंजिनचा.

"एअरबॅगचा?"

"तो नाही लागत. म्हणजे चांगलंच ना?"

सर गाडीपासून एक पाऊल मागे सरले. "बाई, किल्ली फिरवली की तो दिवा लागलाच पाहिजे. गाडी सोताला तपासती. सगळं ठीक असंल तर मग विझतो. लागून राहिला तर आजारी. अन् लागतच न्हाई, तर कोणीतरी त्याचं तोंड दाबलंय."

त्यांनी मीटर उघडलं. त्या एका दिव्यावर मागून काळी चिकटपट्टी होती. नीट, चौकोनी कापलेली. ती काढून किल्ली फिरवल्यावर दिवा लागला आणि लागूनच राहिला. ताईच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. कित्येक महिने ती त्या रस्त्यानं ये-जा करत होती.

"म्हणजे बॅग उघडली नसती?" तिनं विचारलं.

"न्हाई."

"आहे तरी का आत?"

"ते उघडल्याबिगर सांगता येत न्हाई. एखाद्या अपघातात फुटली असंल तर वरचं झाकण चिकटवून देत्यात. आत चिंध्या." सरांनी हे सांगताना आवाज मुद्दाम कमी केला नाही. जो बसतो त्याच्यापासून काही लपवायचं नाही, असं त्यांचं धोरण होतं.

मी तिथंच उभ्या उभ्या दलालाला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "ताई, माझ्याकडं आली तशी मी दिली." मी त्याला जे सुनावलं ते ऐकून समोरच्या पंक्चरवाल्यानं काम थांबवलं. फोन ठेवून म्हणाले, "याच्यावर पत्रक काढते. उद्याच."

"काढ की," सर म्हणाले. "आधी बिघाड काढू."

आणि इथं सर चुकले. तेही त्यांच्या पद्धतीनं, पूर्ण आत्मविश्वासानं. त्यांचं तपासणीचं यंत्र जुनं होतं. ते एवढंच सांगे की चालकाच्या बाजूचं सर्किट कुठंतरी तुटलंय. सरांनी लगेच निकाल दिला : सीटखालचा पिवळा सॉकेट. "ओढ्याच्या पाण्यातनं गाड्या घालतात लोक. पाणी शिरतं, गंज चढतो. डोळे झाकून सांगतो." बॅटरीची वायर काढली, सीट बाहेर आली, सॉकेट घासूनपुसून लखलखीत झाला, सीट परत बसली. किल्ली फिरवली. दिवा तसाच.

"वायरच खराब असंल," सर म्हणाले. सीट पुन्हा बाहेर. इस्त्रीच्या शर्टाची घडी मोडली होती, पण मनगटाची बटणं उघडली नव्हती. मी हळूच म्हणाले, "सर, दुसरीकडं कुठं नसेल ना?"

"तू पत्रकं लिहितीस का वायरिंग करतीस?"

वायर बदलली, सीट परत बसली, बॅटरी जोडली, दिवा तसाच. शेवटी उन्हं गाडीवर आली. "जरा सावलीला घ्या," ते ताईला म्हणाले. ताईनं गाडी सुरू केली. पुढं एक शेळी आडवी आली. ताईनं गिअरशेजारचं एक गोल बटण दाबलं. हॉर्न वाजला, शेळी पळाली.

सरांनी हात वर केला. "थांबा, थांबा. ते काय दाबलंत?"

"हॉर्न."

"हॉर्न तिथं? गिअरपाशी?"

"गाडी घेतली तेव्हापासनं तिथंच आहे."

सर खाली बसले. रस्त्याच्या कडेच्या दगडावर, पांढऱ्या शर्टासकट. मग कपाळाला हात लावून हसायला लागले. "इचारलं न्हाई मी. जो बसतो त्याला इचारायचं म्हणून सगळ्या तालुक्याला सांगतो, अन् तुमाला दिव्याचं इचारलं, हॉर्नचं न्हाई इचारलं. म्या सोता सीटखाली दोनदा गेलतो." मग माझ्याकडे वळून, "हे पत्रकात येता कामा नये."

मग त्यांनी समजावलं, ताईला. मी ऐकत होते. स्टिअरिंग फिरतं, त्यामुळं त्यातल्या वायरी सरळ बांधता येत नाहीत. स्टिअरिंगच्या मागे घड्याळाच्या कमानीसारखी गुंडाळलेली एक चपटी पट्टी असते. चाक फिरेल तशी ती उलगडते आणि परत गुंडाळते. हॉर्नची वाट तिच्यातूनच जाते आणि एअरबॅगचीही. ती पट्टी तुटली की दोन्ही जातात. आधीच्या कोणा मेकॅनिकनं हॉर्नला वेगळं बटण दिलं आणि दिव्याला चिकटपट्टी. पट्टी बदलायची तेवढी राहिली.

आता झाकण उघडायचं होतं.

सरांनी पुन्हा बॅटरीची वायर काढली आणि आम्हाला लिंबाच्या झाडाखाली पिटाळलं. वायर काढली तरी एअरबॅगच्या सर्किटमध्ये थोडा वेळ वीज साठून राहते; घाई केली तर बॅग तोंडावरच उघडायची. "अजून जीव हाय तिच्यात. जाऊ द्या," ते म्हणाले आणि चहा सांगितला. शेजारी हॉटेल असताना तो चहा स्टँडजवळच्या हॉटेलातून आला. मी कारण विचारलं तर म्हणाले, "शेजारचा लई लवकर आणतो." एअरबॅगला हात लावायचा असला की ते लांबचाच चहा मागवायचे. तो येईपर्यंत आणि पिऊन होईपर्यंत कोणी गाडीला हात लावायचा नाही. त्यांचं घड्याळ ते.

चहाची वाट पाहताना त्यांनी एक कागद उचलला. गाडीच्या टपावर स्क्रू ठेवायला ते जुने कागद पसरायचे, आणि तो कागद माझंच पत्रक होतं. मला राग आला. त्यांनी चष्मा पुसून ते मोठ्यानं वाचलं, पहिल्या ओळीपासून.

"चांगलं लिहितीस," ते म्हणाले. "पण सगळं लालच. खालपर्यंत लाल. जागे व्हा म्हणतीस. झालो जागा. आता सकाळी उठून मी करू काय, ते कुठंय?"

"आधी माणसाला चीड यायला पाहिजे, सर."

"चीड आलीच हाय. तुझ्या ताईला आली न्हाई का? पण जो दिवा कायम लागलेला ऱ्हातो त्याच्याकडं कोणी बघत न्हाई, पोरी. मग लोकंच चिकटपट्टी आणतात."

मी वाद घातला. लागून राहिलेल्या दिव्याचा दोष दिव्याचा नसतो, असं म्हणाले. ते त्यांनी मान्य केलं. "बरोबर. पण बिघाड कुठं हाय तेवढं तरी लिही." ताई कप हातात धरून गाडीकडे बघत होती. तिचा चहा निवून गेला.

कप परत गेले. सर स्टिअरिंगजवळ गेले, मागच्या भोकांतून स्क्रू सैल केले आणि झाकण जागचं हललं. तिथं ते थांबले आणि बाजूला झाले.

"तुमी बघा आधी."

"मी?"

"बसता तुमी."

ताई पुढं झाली. तिनं झाकण सरांनी सांगितलं तसं अलगद पुढं ओढलं आणि आत वाकली. आत चिंध्या असतील तर मी आईला काय सांगणार होते? बॅग नवी बसवायची म्हणजे किती दिवस, आणि तोवर आई ताईला परत गाडीत बसू देणार होती का?

"एक धातूची डबी आहे," ताई म्हणाली. "पिवळी वायर आहे तिला. आणि लेबल."

सरांनी वाकून पाहिलं, डबीवरून बोट फिरवलं. "हाय. अस्सल हाय. कोणी हात लावलेला न्हाई."

ताई मागच्या चाकाला टेकून खाली बसली आणि हसली का रडली ते तिचं तिलाच कळलं नसेल.

बॅग काढून त्यांनी ती दुकानातल्या फळीवर ठेवली, तोंड वर करून, म्हणजे चुकून उघडलीच तर मोकळ्या हवेत उघडेल. तिला वीज मोजायचं मीटर लावायचं नाही, हे त्यांनी आम्हाला दोघींनाही बजावलं. मीटरची इवलीशी वीजही तिला पुरते. तपासायला त्यांच्याकडे एक रेझिस्टर होता, शेंगदाण्याएवढा. तो बॅगेच्या जागी जोडला की गाडीला वाटतं बॅग आहे. ह्याच तुकड्यावर कित्येक दलाल वर्षानुवर्षं गिऱ्हाइकांना फसवतात. सरांनी मात्र आपल्या रेझिस्टरला हातभर लांब लाल फीत बांधली होती, शाळेतल्या मुलींच्या वेणीला असते तशी. तो आत राहिला तर फीत स्टिअरिंगमधून बाहेर लोंबायची आणि कोणालाही दिसायची. "खोटं कामापुरतं वापरावं लागतं," ते म्हणाले. "पण त्याला शेपूट पाहिजे."

रेझिस्टर जोडूनही दिवा लागूनच राहिला. म्हणजे बॅग निर्दोष, पट्टीच तुटलेली. नवी पट्टी छत्रपती संभाजीनगरहून एसटीच्या पार्सलनं यायची होती.

ती आली त्या दिवशी आईही आमच्याबरोबर आली. ताईनं तिला सगळं सांगून टाकलं होतं. आई पदर खोचून सरळ सरांसमोर उभी राहिली. "मला सांगा, फुगा उघडतो का न्हाई?"

सरांनी हात धुतले. "तुमी गाडी चालवता का?"

"न्हाई."

"मग मी बसणाऱ्याशीच बोलतो, बाई. नियम हाय."

"बसणारीला मी जन्म दिलाय," आई म्हणाली.

नियम मोडताना मी त्यांना त्या एकाच वेळी पाहिलं. त्यांनी एक स्टूल आणलं, गाडीच्या उघड्या दाराशी ठेवलं आणि आईला म्हणाले, "बसा. बघा."

बॅटरीची वायर निघाली आणि आधी लांबचा चहा आला, आईलासुद्धा. मग पुढची चाकं सरळ करून त्यांनी नवी पट्टी बरोबर मध्यावर बसवली. मध्य चुकला तर एका बाजूला पूर्ण चाक फिरवताच ती तुटते, हे ते आता आईलाच सांगत होते आणि आई "असं व्हय" म्हणत मान हलवत होती. फीतवाला रेझिस्टर निघाला, बॅग जागी गेली, झाकण बसलं. ताई सीटवर बसली आणि बॅटरी जोडली गेली.

"किल्ली फिरवा," सर म्हणाले. "अन् मोठ्यानं बोला. मनातल्या मनात न्हाई."

ताईनं किल्ली फिरवली. "लागला."

आम्ही सगळे त्या इवल्याशा लाल दिव्याकडे बघत होतो. पंक्चरवालाही येऊन उभा राहिला होता.

"विझला," ताई म्हणाली.

"विझला!" आई स्टुलावरून उठून म्हणाली, जणू आमच्यापैकी कोणाला ते दिसलंच नव्हतं. मग तिनं स्वतः हात लांब करून स्टिअरिंगचा मधला भाग दाबला. हॉर्न वाजला. आईनं तो परत वाजवला. सर म्हणाले, "झालं, बाई, बॅटरी उतरंल," पण त्यांनी तिला थांबवलं नाही.

दलालावरचं पत्रक मी काढलंच. मजकूर सरांना दाखवला. त्यांनी विशेषणं खोडली, 'रक्तपिपासू' खोडताना तर पेन दोनदा फिरवला, आणि शेवटी फक्त तीन गोष्टी उरल्या : किल्ली फिरवा, दिवा लागतो का बघा, विझतो का बघा. आणि हॉर्न स्टिअरिंगवर आहे का. "ह्या चार झाल्या," मी म्हणाले. "चौथी माझी हाय," ते म्हणाले, "ती ऱ्हाऊ दे." मी ते केजच्या बाजारात वाटलं. माझं सगळ्यांत कंटाळवाणं पत्रक ते, पण लोकांनी घडी घालून खिशात ठेवलेलं मी पाहिलेलं तेवढं एकच.

सर आता केजमध्ये नाहीत. दुकान बंद करून मुलीकडे राहायला गेले. पाटीचा पत्रा पंक्चरवाल्यानं आपल्या छपराला वापरलाय. अक्षरं आतल्या बाजूला आहेत, काम करताना मान वर केली की वाचता येतात.

मागच्या महिन्यात ताईनं ती गाडी विकली. दिंद्रुडचा एक जण घ्यायला आला, नुकतं लग्न झालेला, घाईत. त्याला दिवस मावळायच्या आत परतायचं होतं.

"ताई, तुमच्यावर विश्वास हाय माझा. द्या किल्ली."

"विश्वास नको," ताई म्हणाली. "आत बसा. फिरवा. आणि मोठ्यानं बोला."

तो लाजला. मग बसला. "लागला," म्हणाला. आई ओट्यावर उभी होती, हातातलं काम थांबवून. "विझला."

"आता मधोमध दाबा," आई ओट्यावरूनच ओरडली.

हॉर्न वाजवतच तो गेला. त्याच्या हाताखालच्या त्या गोल झाकणाआड सरांनी बसवलेली बॅग तशीच घडीत होती. उघडल्यावर ती कशी दिसते, हे आमच्या घरात अजून कोणालाही माहीत नाही.